हरवलेल्या विमानाची गोष्ट

२०२४ साल संपता संपता एक विमान नाहीसं झालं. त्यात प्रवासी नव्हते, आणि ते ज्या पाण्यावर तरंगायचं तो समुद्रही खरा नव्हता. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या खेळातलं ‘स्किमर’ नावाचं ते छोटं जलविमान. ठरलेल्या जागी ते उभं असायचं. जाऊन बसायचं आणि उडवायचं. आता जागा होती, पाणी होतं, विमान नव्हतं. आणि ते सगळ्यांचं हरवलं नव्हतं. ज्यांनी आपल्या संगणकावर विंडोज ११ची ‘२४एच२’ ही नवी आवृत्ती चढवली होती, फक्त त्यांचंच.

हा खेळ पीसीवर आला २००५च्या जूनमध्ये. पुढची काही वर्षं आपल्याकडच्या कित्येक सायबर कॅफेंचं भाडं याच्या आणि याच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे ‘व्हाइस सिटी’च्या जिवावर निघत असावं. वहीच्या फाटक्या पानावर उतरवलेले चीट कोड खिशात घालून, तासाच्या हिशेबाने पैसे मोजून खुर्ची धरून बसलेल्या पोरांपैकी मी एक होतो. मिशन पूर्ण करण्यात कुणालाच रस नसायचा. गाडी पळवायची, पोलीस मागे लावून घ्यायचे आणि वेळ संपत आली की विमान गाठायचं. त्यामुळे वीस वर्षांनी त्यातलं एक विमान हरवल्याचं वाचलं, तेव्हा गावाकडच्या घराची एक खोली पडल्याचं कळावं तसं काहीसं झालं.

‘सायलेंट’ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक प्रोग्रामर जुन्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ खेळांची डागडुजी वर्षानुवर्षं करत आला आहे. तक्रारी त्याच्याकडे गेल्या. पहिला संशय अर्थातच त्याच्याच डागडुजीवर आला. ती काढून पाहिली, विमान नाहीच. मग त्याने खेळाच्या नायकाला जबरदस्तीने स्किमरमध्ये बसवलं, तर नायक आकाशात फेकला गेला. किती वर? १ वर ३१ शून्यं, इतके मीटर. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास घेतला, तर त्याच्या दहा हजार पटींहून लांब. 

कारण सापडलं ते इतकं बारीक होतं की हसावं की कपाळावर हात मारावा कळत नाही. खेळ सुरू होताना एका साध्या मजकुराच्या फाइलमधून प्रत्येक वाहनाची माहिती ओळीओळीने वाचली जाते. विमानाच्या ओळीच्या शेवटी चाकांच्या मापाचे दोन आकडे असतात, एक पुढचा, एक मागचा. स्किमरच्या ओळीत ते नव्हतेच. ‘व्हाइस सिटी’त स्किमरची नोंद होडी म्हणून होती, आणि होडीला कुठली चाकं? ‘सॅन अँड्रियास’ करताना त्याची बदली विमानांच्या खात्यात झाली. सोबतचे कागद मात्र कुणी पुरे केले नाहीत.

मग वीस वर्षं विमान दिसत कसं होतं? शाळेतला फळा डोळ्यांसमोर आणा. आधीच्या तासाच्या बाईंनी कोपऱ्यात एक आकडा लिहिला आणि तो न पुसता त्या गेल्या. पुढच्या तासाच्या गुरुजींनी गणित घातलं, पण एक आकडा सांगायला विसरले. मुलांनी कोपऱ्यातला आकडा धरून गणित सोडवलं आणि उत्तर बरोबर आलं! संगणकाच्या स्मृतीतही तात्पुरत्या कामाचा असा एक फळा असतो. स्किमरच्या आधीच्या ओळीत एका व्हॅनची माहिती होती. तिच्या चाकांचं माप ०.७. तोच आकडा फळ्यावर राहायचा आणि स्किमरला लागू पडायचा. दोन ओळींच्या मध्ये विंडोजचं एक छोटं काम चालायचं, पण ते फळ्याच्या त्या कोपऱ्याला हात लावत नसे. २४एच२मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या कामाची पद्धत बदलली, त्याला फळ्यावर जरा जास्त जागा लागू लागली, आणि ०.७ पुसला जाऊन तिथे भलतंच काहीतरी आलं. त्या भलत्याला चाकाचं माप समजून खेळाने विमान किती उंचीवर ठेवायचं याचा हिशेब केला.

यात मायक्रोसॉफ्टची चूक शून्य. फळा जसाच्या तसा राहील असं वचन त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. जुन्या खेळांच्या जतनाचा सगळा पेच माझ्या मते इथेच आहे. पुस्तक म्हणजे कागद आणि शाई; वाळवी लागू दिली नाही की झालं. खेळ मात्र नुसती वस्तू नसते. खेळ हा एका विशिष्ट यंत्राशी झालेला करार असतो, आणि त्यातली निम्मी कलमं कुणी लिहिलेलीच नसतात. लिहिणाऱ्याला ती आपण गृहीत धरली आहेत हेही ठाऊक नसतं. सीडी कपाटात सुरक्षित असते, आणि करार मोडून गेलेला असतो.

गंमत म्हणजे, अगदी हीच जातकुळी असलेली एक चूक याआधी गाजून गेली आहे, आणि त्या वेळी मायक्रोसॉफ्टने उलट केलं होतं. विंडोज ३च्या काळातल्या ‘सिमसिटी’ या खेळात, वापरून परत केलेली स्मृती लगेच पुन्हा वाचण्याची खोड होती. भाड्याची खोली सोडली, किल्ली दिली आणि मग आपला टॉवेल घ्यायला परत आत शिरलं, तसं. जुन्या विंडोजमध्ये त्या खोलीत एवढ्यात नवं बिऱ्हाड येत नसे, म्हणून खपून जायचं. विंडोज ९५मध्ये खपेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी ‘सिमसिटी’ उकलून दोष शोधला आणि आपल्याच विंडोजमध्ये खास सोय केली: चालू असलेला कार्यक्रम ‘सिमसिटी’ असेल तर परत आलेली खोली लगेच दुसऱ्याला देऊ नये.

विंडोज ९५च्या टीममध्ये असलेले रेमंड चेन यांनी त्या दिवसांची एक हकिगत सांगितली आहे. काम शेवटच्या टप्प्यात आलं तेव्हा विकसन विभागाचा व्यवस्थापक आपला पिकअप ट्रक घेऊन जवळच्या सॉफ्टवेअरच्या दुकानात गेला आणि तिथल्या प्रत्येक पीसी कार्यक्रमाची एकेक प्रत विकत घेऊन आला. सगळा माल कॅन्टीनच्या टेबलांवर मांडला. प्रत्येकाने जास्तीत जास्त दोन उचलायचे, नव्या विंडोजवर चालवायचे, काय मोडतं ते कळवायचं. काम झालं की ते खोकं तुमचं. कारण ग्राहकाचा हिशेब सरळ असतो. कालपर्यंत चालणारा खेळ नवं विंडोज टाकल्यावर बंद पडला, तर तो खेळाला नाही, विंडोजला शिव्या देतो.

पण सगळंच असं सांभाळता येत नाही. सर्वांत जुनं आणि चिवट भांडण वेळेशी आहे. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्या काळच्या बऱ्याच खेळांनी घड्याळ बघायची तसदीच घेतली नाही; प्रोसेसरच्या वेगालाच त्यांनी घड्याळ मानलं. यंत्र दुप्पट वेगाने पळू लागलं की शत्रूही दुप्पट वेगाने अंगावर. म्हणून नंतरच्या संगणकांच्या डब्यांवर ‘टर्बो’चं बटण आलं. नाव टर्बो, आणि खरा उपयोग यंत्राचा वेग उतरवण्याचा! हे बटण दाबून ‘कॉम्प्युटर फास्ट करणारा’ एक तरी मित्र त्या पिढीतल्या प्रत्येकाला भेटला असेल.

याच घराण्यातला आणखी एक नमुना टर्बो पास्कलचा. त्या भाषेत लिहिलेले कित्येक कार्यक्रम सुरू होतानाच एक चाचणी घ्यायचे: ५५ मिलिसेकंदांत हा प्रोसेसर एक रिकामी फेरी किती वेळा मारतो ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ने भागायचं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या आसपासची यंत्रं आली आणि येणारं उत्तर त्यासाठी राखलेल्या जागेत मावेना. कार्यक्रम ‘एरर २००’ म्हणून कोसळायचा आणि सोबत तक्रार करायचा की शून्याने भागाकार झाला. शून्य कुठेच नव्हतं. यंत्र फार हुशार झालं, हाच काय तो गुन्हा.

विंडोज एक्सपीवर स्पेस कॅडेट पिनबॉल खेळून ज्यांनी संगणकाच्या वर्गातला निम्मा वेळ घालवला, त्यांच्यासाठी ही पुढची हकिगतही चेन यांचीच. तो खेळ प्रोसेसरला दमेल तितकं दमवून, जमेल तितक्या वेळा पडदा रंगवत बसायचा. नव्या यंत्रांवर प्रोसेसरचा एक अख्खा गाभा एवढ्याशा चेंडूपायी तापत राहायचा. चेन यांनी सेकंदाला १०० चित्रांची मर्यादा घातली आणि प्रोसेसरवरचा भार १ टक्क्यावर आला. मात्र ६४ बिटच्या विंडोजवर खेळ नेताना चेंडू कशालाही आपटेना. सुरुवातीलाच त्याला उडवणाऱ्या दांड्यातून आरपार जाऊन टेबलाखाली पडायचा. मूळ कार्यक्रम बाहेरच्या कंपनीने लिहिलेला, टिपणं जवळजवळ नाहीत, दुसरी कामं डोक्यावर. त्यांनी पिनबॉल सोडून दिला, आणि ‘व्हिस्टा’ या पुढच्या आवृत्तीपासून तो विंडोजमधून गेला. कुणाचा कट नव्हता. एक चेंडू कुठे अडायला हवा हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

६४ बिटच्या विंडोजने आणखी एक दार बंद केलं. १६ बिटचे कार्यक्रम त्यावर चालतच नाहीत. नव्वदच्या दशकातले पुष्कळ खेळ ३२ बिटचे होते, म्हणजे आजही चालू शकतील असे. पण त्यांना संगणकावर बसवणारा छोटा कार्यक्रम १६ बिटचा. नवरा मांडवात तयार, भटजी दारातच अडवलेले.

यावरचा सर्वांत यशस्वी उपाय म्हणजे सगळं जुनं यंत्रच खोटं उभं करणं. २००२ साली दोन डच प्रोग्रामरांनी, विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीचे खेळ चालवणारं ‘डॉसबॉक्स’ बाहेर काढलं. त्यात खोटा प्रोसेसर आहे, त्याचा वेग कमी-जास्त करता येतो, आणि खोटं साउंड ब्लास्टर कार्डही आहे. त्या कार्डापायी पूर्वी काय काय केलं जायचं! सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं ते कार्ड १९८९ साली आलं. ते यंत्रात कुठल्या पत्त्यावर बसलं आहे, हे खेळाला ‘ए२२०, आय५, डी१’ अशा मंत्राने स्वतः सांगावं लागे. मंत्र चुकला की खेळ मुका. २०१५च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने याच डॉसबॉक्सचा एक अवतार वापरून दोन हजारांहून अधिक डॉस खेळ थेट ब्राउझरमध्ये चालतील असे मांडले. जो खेळ चालवायला पूर्वी मोठ्या भावाची विनवणी करावी लागे, तो आता एका टिचकीवर.

खोटं यंत्र उभं करून जे सुटत नाही ते नकला रोखणारं कुलूप. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस आवृत्तीत पहिली पातळी संपली की अक्षरं लिहिलेल्या कुप्यांची एक खोली लागायची. पुस्तिकेच्या अमुक पानावरचा अमुक शब्द पाहायचा, त्याच्या अक्षराची कुपी प्यायची; चुकीची प्यायली की राजपुत्र मेला. आपल्याकडे पुस्तिका कुठली असायला! फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलेल्या त्या प्रतींत राजपुत्र अंदाजाने मरत राहिला. पुढची कुलपं जास्त जाड होती. ‘सेफडिस्क’ नावाचं एक कुलूप विंडोजच्या अगदी पोटात आपला ‘ड्रायव्हर’ कार्यक्रम बसवायचं. त्यात सुरक्षेचं भोक निघालं, विंडोज १०ने त्याला घरात घेतलंच नाही, आणि २०१५च्या सप्टेंबरात जुन्या विंडोजवरही ते बंद केलं गेलं. परिणाम असा की पूर्ण पैसे देऊन घेतलेली खरी सीडी आज चालत नाही आणि कुलूप तोडलेली चोरीची प्रत चालते. चोरीचं समर्थन मला करायचं नाही. पण जतनाचा इतिहास लिहिताना या चोरांना वगळलं, तर त्यात बरीच पानं कोरी राहतील.

हा सगळा जुन्या जमान्याचा खेळ वाटत असेल, तर २०२५ पाहा. एनव्हिडियाच्या नव्या आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांनी ३२ बिटच्या फिजएक्सला हात जोडले. फिजएक्स म्हणजे धूर, कापड, फुटणाऱ्या काचा यांची गणितं ग्राफिक्स कार्डावर करण्याची सोय. ‘मिरर्स एज’, ‘बॅटमॅन : आर्कम सिटी’, ‘बॉर्डरलँड्स २’ अशा खेळांत ती होती. हे गणित प्रोसेसरच्या गळ्यात पडलं आणि लाखाच्या घरातल्या संगणकावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा खेळ अडखळू लागला. लोकांनी काय करावं? नव्याकोऱ्या कार्डाशेजारी एक जुनं, स्वस्त कार्ड केवळ फिजएक्सपुरतं बसवलं. ओरड इतकी झाली की त्याच वर्षीच्या डिसेंबरात एनव्हिडियाने काही निवडक खेळांपुरती ती सोय परत आणली. ‘सिमसिटी’ला विंडोजने दिली तशीच ही नावानिशी सूट. तीस वर्षांत पद्धत बदललेली नाही.

यंत्राची अडचण चिकाटीने सुटते. कागदाची सुटत नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली: २०१०पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. राहिलेल्या १३ टक्क्यांची तुलना त्यांनी अमेरिकी मूकपटांच्या वाचलेल्या वाट्याशी केली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकीच रिळं हाती उरलेल्या आपल्याला ती तुलना समजावून सांगायला नको. ग्रंथालयांनी असे बाजारातून गेलेले खेळ अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, अशी मागणी झाली. २०२४च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती फेटाळली. अभ्यासकाने गाडीभाडं खर्चून ग्रंथालयातच यायचं.

मालक कोण हेच कळेनासं होतं तेव्हा तर फारच मजा. ‘सिस्टम शॉक २’ हा १९९९चा नावाजलेला खेळ. तो करणारी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० साली बुडाली. २०१२मध्ये स्टीफन किक नावाचा गृहस्थ ग्वाटेमालात फिरत असताना त्याला हा खेळ खेळावासा वाटला, आणि लॅपटॉपवर तो काही केल्या सुरू होईना. मग विकत घेता येतो का हे त्याने पाहिलं, कुठेच मिळेना. हक्कांचा माग काढत तो पोचला एका विमा कंपनीपाशी. बुडीत कंपनीच्या मालमत्तेबरोबर तिथल्या कपाटात हा खेळही जाऊन पडला होता! करार झाला, किकने नाइटडाइव्ह ही कंपनी काढली आणि २०१३च्या फेब्रुवारीत ‘गॉग’ या पोलंडच्या दुकानात खेळ पुन्हा विकायला आला. गॉगने २००८ साली धंदा सुरू केला तोच जुने खेळ कुलूप काढून, नव्या यंत्रावर चालतील असे करून विकण्याचा.

सर्व्हरवर बेतलेल्या खेळांना तर विमा कंपनीचं कपाटही नशिबी नाही. २०२४च्या ३१ मार्चला ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळायचा भागही त्यांच्यावरच अवलंबून असल्याने पैसे मोजून घेतलेला खेळ अख्खाच गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेने युरोपात दहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या.

‘सिस्टम शॉक २’च्या गोष्टीतला एक माणूस राहिला. किकने हक्क मिळवले खरे, पण खेळ नव्या विंडोजवर चालायला हवा ना? ते काम त्याआधीच कुणीतरी करून ठेवलं होतं. २०१२च्या सप्टेंबरात ‘ले कोर्बो’, म्हणजे फ्रेंचमध्ये डोमकावळा, असं नाव घेणाऱ्या एका अनामिकाने खेळाची मूळ यंत्रणा दुरुस्त करणारा पॅच लोकांपुढे ठेवला. नाव नाही, गाव नाही, पैशाची मागणी नाही. दुकानात पुन्हा आलेला तो खेळ त्याच्याच दुरुस्तीवर उभा होता.

सायलेंटही त्याच बिरादरीतला. स्किमरचा दोष सापडल्यावर त्याने आपल्या दुरुस्तीत उपाय घातलाच, पण त्यावाचूनही काम होतं. खेळाच्या फोल्डरमधली वाहनांची ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, ४६० क्रमांकाची ओळ शोधायची, तिच्या शेवटी स्वल्पविराम देऊन ‘-१, ०.७, ०.७, -१’ एवढं इंग्रजी आकड्यांत लिहायचं आणि फाइल जतन करायची. खेळ सुरू करून पाण्याकडे गेलं की विमान उभं असतं.